आषाढांतील उष्णोदक-यात्रा

चातुर्मासांत संन्याशानें देखील एके ठिकाणीं राहावें, भटकूं नये, असा आपल्याकडील जुना दंडक आहे. मग संसारी माणसानें, आणि त्यांतून साठी उलटलेल्या निवृत्त शाळामास्तरानें, भर आषाढांत बायकामुलें बरोबर घेऊन रानांतून पायपीट करावी, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस वेडेपणाचें वाटेल. आम्हांसही एके काळीं तें तसेंच वाटत असे. छत्तीस वर्षांच्या नोकरींत "पावसाळ्यांत ओढ्यानाल्यांच्या वाटेस जाऊं नका" हा उपदेश आम्हीं विद्यार्थ्यांस किती वेळां केला असेल याची गणतीच नाहीं. असें असून मागल्या आषाढांत आम्ही गेलों, भिजलों, एके ठिकाणीं थोडक्यांत वांचलों, आणि कोंकणांतल्या एका उष्ण झऱ्यावर स्नान करून सुखरूप घरीं आलों. त्या दिवशीं आम्ही जें शिकलों तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या मंडळींच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून ही हकीकत लिहीत आहों.

प्रथम या झऱ्यांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. संस्कृतांतील 'उष्ण' या शब्दाचें प्राकृतांत 'उण्ह' झालें आणि मराठींत 'ऊन' झालें. आपण आजही 'ऊन ऊन भात' म्हणतों तो याच अर्थानें. कोंकणच्या नकाशावर नजर टाकली तर हा शब्द गांवांच्या नांवांत जागजागीं आढळतो. पालीच्या बल्लाळेश्वराजवळ उन्हेरें, दापोली तालुक्यांत उन्हवरें, राजापुराजवळ उन्हाळें. ज्या गांवीं जमिनींतून ऊन पाणी येतें त्याचें नांवच तसें पडलें. यांखेरीज ठाण्याकडे वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी, महाडाजवळ सव, आणि संगमेश्वर तालुक्यांत आरवली, तुरळ व राजवाडी हीं ठिकाणें प्रसिद्धच आहेत. पालघर जिल्ह्यापासून राजापुरापर्यंत, एका बाजूस सह्याद्रि व दुसऱ्या बाजूस समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत, तीनशें किलोमीटरांहून अधिक लांबीची ही झऱ्यांची ओळ आहे. सर्वांची ऊब सारखी नाहीं. आरवलीचें पाणी ४० अंशांच्या आसपास, तुरळचें ६० च्या आसपास, आणि उन्हवऱ्याचें तर ७० च्या घरांत असतें.

आमचें बिऱ्हाड पुण्यास आहे. आम्ही व आमचे धाकटे बंधु नाना, अशीं दोन्ही कुटुंबें एकाच घरांत, एकाच चुलीवर आजवर सुखानें नांदत आलीं आहेत. एके रात्रीं जेवतांना आमच्या पुतण्याची मुलगी, वय वर्षें नऊ, हिनें विचारलें, "आजोबा, जमिनीखालीं पाणी कोण तापवतें?" आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, "जमिनीच्या पोटांत गंधक असतें. त्याच्या उष्णतेनें पाणी तापतें." हें उत्तर आम्हीं शाळेंत वर्षानुवर्षें दिलें होतें. सूनबाई, म्हणजे मुलीची आई, एका महाविद्यालयांत भूशास्त्र शिकवते. ती वरण वाढतां वाढतां क्षणभर थांबली आणि पुढें गेली. मुलीच्या नजरेंतून तें सुटलें नाहीं. "आई, तूं कां थांबलीस?" असें तिनें विचारतांच सूनबाई म्हणाली, "कांहीं नाहीं ग, आजोबा सांगतात तें ऐक." आम्हांस वाटलें, विषय संपला. वडिलांसमोर मौन धरावें ही आमच्या घरची मर्यादा; आणि त्या मर्यादेचा आम्हांस आजवर अभिमानच वाटत आला होता.

परंतु मुलीचें समाधान झालें नव्हतें. तिला तें पाणी प्रत्यक्ष पाहावयाचें होतें. आमचें मूळ घर संगमेश्वर तालुक्यांतील एका वाडींत आहे, आणि तेथून राजवाडीचा झरा डोंगरवाटेनें एका दिवसाच्या चालीवर आहे. शनिवार-रविवारास जोडून एक सुट्टी आली, तेव्हां बेत ठरला. मंडळी नऊ : आम्ही, आमचें कुटुंब, नाना व त्याचें कुटुंब, इंजिनियर पुतण्या, सूनबाई, नात, आणि कॉलेजांत शिकणारे आमचे दोन भाचे.

कोंकण रेल्वे १९९८ सालीं पूर्ण झाल्यापासून घाटमाथ्यावरच्या लोकांसही हा मुलूख जवळचा झाला आहे. आम्ही आदल्या दिवशींच संगमेश्वरास उतरलों. दुपारीं कसब्यास जाऊन कर्णेश्वराचें दर्शन घेतलें. काळ्या पाषाणाचें तें प्राचीन देवालय पावसांत न्हाऊन निघालें म्हणजे त्यावरील शिल्पाची रेघन् रेघ उठून दिसते. याच कसब्यांत १६८९ सालीं संभाजीमहाराज मोंगलांच्या हातीं सांपडले, हें मुलांस सांगितलें. मुलें गप्प झालीं. मग आम्ही वाडीवर गेलों, कुळथाचें पिठलें आणि भात जेवलों, आणि कौलांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज ऐकत झोंपीं गेलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेसहास निघालों. हवामान खात्याचा त्या दिवसाचा इशारा पिवळा होता. नारिंगी किंवा लाल असता तर निघावयाचें नाहीं असें आधींच ठरलें होतें. प्रत्येकाच्या पाठपिशवींत कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून घेतला होता. शिदोरीस दशम्या, तिखटमिठाचे सांजे, दाण्याची चटणी आणि रव्याचे लाडू होते. पायांत खांचांच्या तळव्याचे बूट, हातांत काठ्या. डोंगरांत भ्रमणध्वनि चालेलच असा भरंवसा नव्हता, म्हणून कोणत्या वाटेनें जाणार व किती वाजेपर्यंत पोंचणार हें शेजारच्या घरीं सांगून ठेविलें होतें. हें शेवटचें काम फार महत्त्वाचें असून तेंच लोक बहुधा विसरतात.

वाडीमागची पाखाडी चढून आम्ही सड्यावर आलों. घाटावरच्या वाचकांसाठीं सांगतों कीं, दगडी पायऱ्यांच्या वाटेस कोंकणांत पाखाडी म्हणतात, आणि डोंगरमाथ्यावरील जांभ्या दगडाच्या सपाट पठारास सडा. उन्हाळ्यांत या सड्यावर पाय भाजतो. आषाढांत तेथेंच पोटरीइतकें हिरवें गवत आणि खळग्याखळग्यांत सांचलेलें पाणी. धुकें इतकें दाट होतें कीं पुढें चालणारा भाचा दहा पावलांवर दिसेनासा होई. म्हणून आम्हीं नियम केला कीं, सर्वांत हळू चालणाऱ्यानें पुढें राहावें व बाकीच्यांनीं त्याच्या चालीनें चालावें. सर्वांत हळू चालणारे अर्थात् आम्हीच. डाव्या गुडघ्यास पांच वर्षांपासून दुखणें आहे. तेव्हां पुढारीपण आम्हांकडे आलें तें वयामुळें कीं गुडघ्यामुळें, याचा निर्णय भाच्यांनीं हळूच हंसून केला.

सडा संपल्यावर रान लागलें. ऐन, किंजळ, कुंभा यांची दाटी. खालीं कुजलेल्या पानांचा मऊ थर. प्रत्येक पानावरून पाण्याची वेगळी टपटप. पाऊस थांबला तरी झाडांखालीं तो पाव तास पडतच राही. एका ओहळाच्या कांठीं कोणी मनुष्य शीळ घालीत असल्यासारखा सूर ऐकूं आला. तो शीळकरी कस्तुर पक्षी होता. तो पावसाळ्यांतच भरांत येऊन गातो, आणि त्याची शीळ इतकी माणसासारखी असते कीं नातीनें उलट शीळ घालून त्यास उत्तर दिलें. आमच्या कुटुंबास लहानपणींच्या पाठ केलेल्या ओव्या आठवल्या. नानाचें कुटुंब, ज्या निघतांना "कशाला हा उपद्व्याप" म्हणत होत्या, त्या सर्वांपुढें चालूं लागल्या. पाऊस अंगावर घेण्याची एकदां मनाची तयारी झाली म्हणजे त्याचा त्रास संपतो. तो चुकविण्याचा प्रयत्न चालूं असतो तोंवरच तो त्रास देतो.

अकराच्या सुमारास वाट एका पऱ्याशीं आली. ओढ्यास इकडे पऱ्या म्हणतात. हा पऱ्या आमच्या ओळखीचा. लहानपणीं गुरें घेऊन, पुढें बाजारास जातांना, आम्हीं तो शेंकडों वेळां ओलांडलेला. रुंदी फार तर पंधरा पावलांची. पलीकडे वाट पुन्हां चढतांना स्पष्ट दिसत होती. ओलांडण्यासाठीं ओळीनें टाकलेल्या आठ धोंड्यांपैकीं पांच पाण्याबाहेर होते. तिहींवरून पाणी वाहत होतें. वरच्या अंगास साकव आहे हेंही आम्हांस ठाऊक होतें. परंतु त्या वाटेनें तासाभराचा वळसा पडला असता, आणि गुडघा कुरकुरूं लागला होता.

पुतण्या म्हणाला, "काका, पाणी गढूळ दिसतें."

"आषाढांत पाणी गढूळ असावयाचेंच," आम्ही म्हणालों.

नाना कांहीं बोलणार होता; पण आमचा स्वर ऐकून त्यानें तोंड मिटलें. आमच्या कुटुंबानें हलक्या आवाजांत "जरा थांबूं या का?" म्हटलें. तें आमच्या कानावर आलें. आम्हीं तें मनावर घेतलें नाहीं. सूनबाई तर बोललीच नाहीं. आम्हीं विजार वर खोंचली, एका हातांत काठी घेतली, दुसऱ्या हातानें नातीचा हात धरला, आणि पहिल्या धोंड्यावर पाऊल ठेविलें.

पलीकडच्या कांठास थोड्या उंचीवर खाचरांत भाताची लावणी चालली होती. तेथून एक वृद्ध शेतकरी मोठ्यानें ओरडले, "गुरुजी, मागं व्हा! पोरीला घेऊन पाण्यात घुसू नका!"

आम्ही थांबलों, पण मागें फिरलों नाहीं. "अहो, गुडघाभर तर पाणी आहे!" असें आम्हींही ओरडून सांगितलें. ते हातांतला रोपांचा मूठ टाकून बांधावरून धांवत कांठाशीं आले. "पाणी बघा किती लाल झालंय. वर डोंगरात जोराचा पडलाय. वाईच दम धरा, मग सांगा मला गुडघाभर का कसं तें."

खरें सांगतों, आम्ही तरीही पुढें गेलों असतों. इतक्या मंडळींदेखत मागें पाऊल घेणें जड वाटत होतें. परंतु नातीनें हात ओढला. "आजोबा, ते बाबा थांबा म्हणताहेत ना!" असें ती म्हणाली, आणि स्वतःच मागें फिरली. तिच्याबरोबर आम्हांसही फिरावें लागलें.

पुतण्यानें घड्याळ लावून पाहिलें होतें. पुढचें सर्व अवघ्या बारा मिनिटांत घडलें. पांचांपैकीं एकेक धोंडा दिसेनासा झाला. मग वरच्या वळणापलीकडून, रस्त्यावरून जड गाड्या जाव्या तसा घरघराट ऐकूं आला, आणि तांबड्या पाण्याचा लोंढा फांद्या, पालापाचोळा व फेंस घेऊन वळणावरून खालीं आला. त्याच्यामागून मुळांसकट उपटलेलें एक झाड आलें. तें जेथून गेलें ती जागा चवथ्या-पांचव्या धोंड्याची होती. आम्ही पुढें गेलों असतों तर त्या वेळीं आम्ही व ती मुलगी कोठें असतों, हा हिशेब तेथें उभ्या असलेल्या प्रत्येकानें मनाशीं केला. कोणीच बोललें नाहीं. सूनबाईनें मुलीस जवळ ओढलें व ती पाण्याकडे पाठ करून बसली. तिच्या चेहऱ्याकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

पुतण्यानें मग भाच्यांस समजावून सांगितलें तें आम्हींही ऐकलें. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून संथ पाणी कमरेइतकें असलें तरी माणूस उभा राहतो, आणि धांवतें पाणी गुडघ्याइतकें असलें तरी तें त्याचे पाय उचलतें. त्यांत भर कोंकणच्या भूमीची. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आषाढापर्यंत जमीन पाणी पिऊन तृप्त झालेली असते. डोंगरउतार उभे, पऱ्यांची लांबी थोडी. वर सर कोसळली कीं खालीं पाणी यावयास वेळ लागत नाहीं, मग खालीं आपल्या डोक्यावर एक थेंब पडत नसला तरी. पाण्याचा रंग पालटणें, काटक्या व पाला वाहून येऊं लागणें, आणि वरून घरघर ऐकूं येणें, या त्याच्या खुणा. शेतकऱ्यांस त्या सर्व ठाऊक होत्या. आम्हांसही लहानपणीं ठाऊक होत्या. पण पन्नास वर्षें नळाचें पाणी पिऊन आम्ही त्या विसरलों होतों, आणि विसरलों आहों हेंही आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

ते शेतकरी पलीकडच्या कांठानें व आम्ही अलीकडच्या कांठानें, असे साकवापर्यंत गेलों. साकव ओलांडल्यावर आम्हीं त्यांस नमस्कार केला. लावणीचा दिवस म्हणजे शेतकऱ्यास सोन्याचा. त्यांतला तासभर त्यांनीं आमच्यासाठीं घालविला होता. पैसे देऊं केले ते त्यांनीं घेतले नाहींत. नातीनें दोन लाडू पुढें केले ते मात्र हंसून घेतले, आणि "परत येताना सडकेनं या हो, गुरुजी," असें बजावून ते आपल्या खाचराकडे वळले.

राजवाडीस पोंचावयास अडीच वाजले. गर्द झाडींत सोमेश्वराचें कौलारू देऊळ आहे. त्याच्या लांकडावरील कोरीव काम पाहण्यासारखें आहे. देवळाजवळच ऊन पाण्याचें कुंड. दिवसभर भिजून बोटें पांढरीं पडलेलीं, गुडघा ठणकत असलेला, आणि समोर पाण्यावरून वाफ उठून पावसाच्या धारांत मिसळतांना दिसत होती. उगमाशीं हात क्षणभरही ठेववेना. पुढें वाहत आलेलें, पावसानें थोडें निवलेलें पाणी मात्र अंगास सोसवेल असें होतें. प्रथम पाय, मग गुडघे, मग कंबर असे हळूहळू उतरलों. खालून ऊन पाणी व वरून थंड पाऊस, असें स्नान आम्हीं जन्मांत केलें नव्हतें. आमच्या कुटुंबानें त्या पाण्याची ओंजळ भरून सूर्य दिसत नसतांही अर्घ्य दिलें. एकमेकांकडे पाहून हंसण्याइतकें बळ सर्वांस पुन्हां आलें. येथें एक सूचना करून ठेवतों. रक्तदाबाचा वा हृदयाचा विकार असलेल्यांनीं अशा पाण्यांत फार वेळ बसूं नये, आणि लहान मुलांस उगमापाशीं एकटें सोडूं नये. साठ अंशांचें पाणी त्वचा पोळावयास कांहीं सेकंद पुरतात.

कोरडे कपडे घालून देवळाच्या ओसरीवर शिदोरी सोडली, तेव्हां आम्हीं सूनबाईस विचारलें, "पऱ्याशीं तुला काय वाटलें होतें?"

ती क्षणभर घुटमळली. "नको असें वाटलें होतें, काका."

"मग बोलली कां नाहींस?"

"तुम्ही पुढें निघाला होतां. तुमच्यापुढें कसें बोलावें?"

"पोटची पोर हातांत असून?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलें. उत्तर तिनें दिलें नाहीं, आणि तें तिचें देणें नव्हतेंच. पाठोपाठ नाना म्हणाला, "दादा, मलाही तसेंच वाटलें होतें." मग पुतण्या. मग आमचें कुटुंब. आठांपैकीं निदान चौघांस धोका दिसला होता, आणि एकानेंही तो आमच्या तोंडावर स्पष्ट सांगितला नव्हता. कारण आम्ही वडील. ज्या मर्यादेचा आम्हांस अभिमान, तिनेंच नऊ वर्षांच्या मुलीस पाण्यांत लोटलें असतें. आम्हीं सर्वांसमक्ष आपली चूक कबूल केली. साठीनंतर तें सोपें नसतें. पण ऊन पाण्यानें अंगाबरोबर मनाचाही ताठा थोडा सैल झाला होता म्हणा.

मग आम्हीं दुसरा प्रश्न विचारला. "आणि त्या रात्रीं, वरण वाढतांना, गंधकाचें?"

आतां मात्र सूनबाई हंसली. "तेंही बरोबर नव्हतें, काका."

"मग आतां सांग. आम्ही ऐकतों."

तिनें सांगितलें तें असें. कोंकणांतील काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आहे; त्याची आग केव्हांच विझली, आणि या भागांत आज जिवंत ज्वालामुखी नाहीं. कांहीं झऱ्यांस गंधकाचा वास येतो तो पाण्यांत विरघळलेल्या वायूचा. तो उष्णतेचा सोबती आहे, कारण नव्हे. खरी ऊब पृथ्वीच्या पोटांतली. जमिनींत जसजसें खोल जावें तसतशी उष्णता वाढते. साधारणपणें दर किलोमीटरास २५ ते ३० अंशांनीं. डोंगरांवर पडलेला पाऊस खडकांच्या भेगांतून झिरपत खोल जातो, तेथें तापतो, आणि भूकवचास पडलेली मोठी चीर सांपडली कीं तिच्यावाटें वेगानें वर येतो. हळूहळू आला असता तर वाटेंतच निवला असता. झऱ्यांची ही ओळ समुद्रकांठास जवळजवळ समांतर आहे, तीही भूकवचांतील अशा चिरांमुळेंच. पाण्यांतील प्राणवायु व उद्‌जन यांच्या सूक्ष्म परीक्षेवरून शास्त्रज्ञांनीं ठरविलें आहे कीं, हें पाणी मूळचें पावसाचेंच. जमिनीखालच्या त्या प्रवासांत तें फार दीर्घ काळ असतें.

"म्हणजे," नात म्हणाली, "आपण आतां आंघोळ केली तो जुना पाऊस होता?"

"होय," तिची आई म्हणाली, "आणि सकाळपासून आपल्याला भिजवीत आहे त्यांतलाही थोडा खालीं चालला आहे. तो पुढें कोणाला तरी ऊन होऊन भेटेल."

छत्तीस वर्षें आम्हीं भूगोल शिकविला. परंतु झऱ्याचें उत्तर एवढ्या सुबोध रीतीनें आम्हांस कधीं देतां आलें नाहीं. तें उत्तर आमच्याच स्वयंपाकघरांत कित्येक वर्षें वावरत होतें. आम्हीं विचारलें नाहीं म्हणून तें मुकें राहिलें. ज्या विद्यार्थ्यांस आम्हीं गंधकाची कथा सांगितली त्यांच्यापैकीं कोणी हा लेख वाचीत असेल, तर त्यानें आपल्या मुलांस हें दुरुस्त करून सांगावें, ही विनंति.

ओसरीवरच आम्हीं एक नियम केला, आणि तो आतां घरांतही चालूं आहे. वाटेंत कोठेंही धोक्याची शंका आली तर थांबावयाचें, आणि प्रत्येकाचें मत विचारावयाचें. तें सर्वांत लहानापासून. वडिलांनीं शेवटीं बोलावयाचें. कारण वडील प्रथम बोलले कीं बाकीचे आपलें मत गिळून टाकतात. एकानें जरी 'नको' म्हटलें तरी त्या वाटेनें जावयाचें नाहीं. आणि त्या ठिकाणचा रहिवासी, मग तो शेतकरी असो, गुराखी असो कीं होडीवाला, जें सांगेल तें सर्वांच्या मतांवर मानावयाचें. दुसरा नियम असा कीं, वाट लांबली तर लांबूं द्यावी. साकवाच्या वाटेनें गेलेला वेळ आम्हांस आज आठवतही नाहीं. तो वांचविला असता तर काय आठवत राहिलें असतें, त्याची कल्पनाही करवत नाहीं.

पांचच्या सुमारास पाऊस उघडला. त्या शेतकऱ्यांच्या आज्ञेप्रमाणें आम्ही सडकेनें तुरळास गेलों. तेथील कुंडावरची वाफ दुरूनच पाहिली, आणि महामार्गावर एस्. टी. धरून दिवेलागणीस वाडीवर परतलों. शेजारच्या घरीं प्रथम जाऊन "आलों" म्हणून सांगितलें. गुडघ्यास त्या रात्रीं तेल चोळावें लागलें. तथापि पहाटे उठतांना तो नेहमींपेक्षां हलका वाटला. तो गुण ऊन पाण्याचा कीं दिवसभराच्या चालण्याचा, तें वैद्यांनीं ठरवावें.

पुण्यास आल्यावर परसांतल्या जुन्या विहिरीचा प्रश्न निघाला. ती बुजवावी असें आमचें मत होतें, आणि पूर्वीं असतें तर तोच निकाल ठरला असता. या वेळीं नातीस प्रथम विचारलें. "विहिरींत पाऊस जातो ना, आजोबा? मग ती बुजवली तर तो खालीं कसा जाईल?" सूनबाईनें तेंच शास्त्राधारें सांगितलें. आम्ही शेवटीं बोललों, आणि एवढेंच बोललों कीं, "गाळ केव्हां काढावयाचा तें ठरवा." आतां तिच्यावर लोखंडी जाळी बसविली आहे, आणि गच्चीवरचें पाणी नळीनें तींत सोडलें आहे.

वाचकांनीं आषाढांत डोंगरांत जावेंच असा आमचा आग्रह नाहीं. परंतु जाल तेव्हां पाण्याचा रंग पाहून जा, वाटेवरच्या माणसाचें ऐकून जा. आणि घरांत वडीलपण ज्यांच्याकडे असेल त्यांनीं, आपल्या पुढ्यांत कोण गप्प बसलें आहे तें एकदां मान वळवून पाहावें.